पहिल्या पाच लेव्हलींतच वर्षभर खेळायचं आहे. कोणी केलंय का?

कंदील

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसतोय, बहुतेक वेळ डी अँड डी या पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर. आमची पाच जणांची टोळी दर पंधरा दिवसांनी जमते. मागची मोहीम चौदा महिने चालली, पहिल्या लेव्हलपासून बाराव्यापर्यंत (लेव्हल वाढली की पात्र बलवान होतं). शेवटच्या दिवशी फासे पिशवीत भरताना मी सहज विचारलं, काय लक्षात राहिलं? पाचपैकी चौघांनी दुसऱ्या लेव्हलचा एकच प्रसंग सांगितला.

एक भुयार होतं. आत जाता जाता मध्येच खड्डा. हातात दोन मशाली, त्यातली एक अर्धी जळलेली, आणि ५० फुटांचा एकच दोर. खोली कळावी म्हणून दगड टाकला तर आवाज बराच उशिरा आला. आमच्यातल्या चोरानं दोर कमरेला बांधला, बाकीच्यांनी धरला, आणि ती उतरायला लागली. दोर संपला तेव्हा पायाखाली अंधारच होता. त्यानंतर टेबलावर पाऊण तास एकही फासा पडला नाही. नुसती चर्चा. झगे फाडून दोराला जोडायचे का, तिला वर ओढून परत फिरायचं का, की पेटती मशाल खाली टाकून तळ बघायचा? मशाल टाकली तर वरच्यांकडे उरणार फक्त अर्धी. शेवटी टाकली. तळ बारा फुटांवर होता.

दहाव्या लेव्हलला जवळपास तशीच दरी आली. विझार्डनं उडण्याचा मंत्र टाकून दोर पलीकडे नेऊन बांधला. दोन वाक्यांत सगळे पार. ड्रॅगनची लढाई मी तीन आठवडे बसून रचली होती, तिचं नावही कोणी काढलं नाही.

आता नवी मोहीम सुरू करतोय आणि मला ती एक ते पाच एवढ्यातच वर्षभर चालवायची आहे. पुस्तकाचा वेग वेगळा आहे. २०१४ च्या डीएम मार्गदर्शिकेत सेशन मोजून लेव्हल द्यायची पद्धत दिली आहे: पहिल्या सेशननंतर दुसरी लेव्हल, आणखी एका सेशननंतर तिसरी, पुढच्या दोन सेशन्सनंतर चौथी. म्हणजे खड्ड्याचा तो प्रसंग ज्या काळात घडतो तो काळ दोन बैठकींत उरकतो. ज्यांनी हा काळ लांबवला त्यांनी काय केलं, आणि कुठे फसलं, ते सांगा.


वीसबाजू

कंदील, प्रसंग झकास आहे, पण मी विरुद्ध बाजूनं बोलणार.

पहिल्या लेव्हलचा विझार्ड घ्या. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असेल तर ८ हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच मार सोसता येतो. गॉब्लिनच्या तलवारीचा मार एक सहाबाजूंचा फासा अधिक २, आणि क्रिट (वर्मी घाव) बसला तर दोन फासे अधिक २, सरासरी ९. एका फाशावर माणूस जमिनीवर. यात खेळाडूची चूक काय? त्यानं कुठला निर्णय घेतला? दोरावर पाऊण तास चर्चा झाली हे छानच, पण त्याच पात्रांच्या लढाया आठवून बघा. हुकला, हुकला, लागला, गॉब्लिन मेला. फायटरला एकच वार आणि तोही निम्म्या वेळा हवेत.

दुसरं म्हणजे पाचव्या आवृत्तीत बहुतेक क्लासना (फायटर, चोर असे पात्रांचे पेशे) उपवर्ग, म्हणजे त्या पेशातली खास शाखा, तिसऱ्या लेव्हलला मिळतो. खेळाडू पहिल्या दिवशी डोक्यात एक माणूस घेऊन येतो, आणि तो माणूस कागदावर उतरतो तिसऱ्या लेव्हलला. तुम्ही त्याला चार महिने थांबवणार असाल तर तो स्वतःचं पात्र न खेळता कोणा दुसऱ्याचंच खेळत बसेल.


आडवाट

वीसबाजूंचा उपवर्गाचा मुद्दा एकदम मान्य. पण मंद वेगाबद्दल बोलताना जुने नियम समोर ठेवायला हवेत, कारण त्यांत मंदपणा कशासाठी होता ते आकड्यांतच दिसतं.

डी अँड डीचा १९८१ चा बेसिक संच. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० एक्सपी (अनुभवाचे गुण), क्लेरिकला १५००, चोराला १२००, मॅजिक-यूजरला २५००, एल्फला थेट ४०००. एक ऑर्क मारला की १० एक्सपी, तेही सगळ्यांत वाटून. आता गुणाकार करा. चार फायटरांची टोळी फक्त ऑर्क मारून दुसऱ्या लेव्हलला जायची म्हटली तर ८०० ऑर्क मारावे लागतील. आणि यातल्या कोणाकडेही आठपेक्षा जास्त हिट पॉइंट असायची शक्यता कमी, शून्यावर आलात की मेलात. म्हणजे नियम सरळ सांगतोय की लढून वर जाता येणार नाही.

मग कसं जायचं? सोनं. भुयारातून सुखरूप बाहेर काढलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी. चौघांना मिळून ८००० नाणी लागतात. आणि वजनही नाण्यांतच मोजतात. माणूस जास्तीत जास्त १६०० नाण्यांचा भार उचलू शकतो, आणि तेवढा उचलला की त्याचा वेग चौथाईवर येतो. तेव्हा एका फायटरला स्वतःच्या लेव्हलपुरती नाणीही एका खेपेत नेता येत नाहीत. (रत्नं सापडली तर गोष्ट वेगळी, म्हणून रत्न सापडल्यावर टेबलावर आरोळी उठते.) मशाल एक तास टिकते, दर वीस मिनिटांनी डीएम एक फासा टाकतो आणि एक आला की काहीतरी चालत येतं. एकदा अशाच खेळात आम्ही तांब्याच्या नाण्यांची पेटी ओढत आणत होतो. दोन मशाली संपल्या, चालून येणाऱ्यांपासून दोनदा लपलो, आणि तिसऱ्या वेळी पेटी सोडून पळालो. ती पेटी मला अजून सलते.

तर माझं म्हणणं एवढंच की त्या खेळात लेव्हल सावकाश यायची, पण सेशन रिकामं जायचं नाही. घरी जाताना वहीत आकडा असायचा: ३४० झाले, १६६० उरले. नुसते लेव्हलसाठी लागणारे आकडे वाढवलेत आणि बाकी काही बदललं नाहीत, तर हाती फक्त उशीर लागेल.


पाटीपेन्सिल

+१. "३४० झाले, १६६० उरले" यातच सगळं आलं.


निळी शाई

मी सहसा नुसती वाचते, पण या विषयावर बोलायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी मी एका गटात होते, तो मी सोडला. आम्ही दुसऱ्या लेव्हलवर आठ महिने होतो. डीएम चांगला होता, त्याचं जग फार सुंदर होतं, आवाज काढून बोलायचा, नकाशे हातानं काढायचा. पण लेव्हल "कथा तिथे पोचली की" मिळणार होती, आणि कथा कुठे पोचायची आहे हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात. मी ड्रुइड होते. दर वेळी तेच तीन मंत्र. सहाव्या महिन्यात मी विचारलं, अंदाजे कधी? तो म्हणाला, बघू. सातव्या महिन्यात दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही बघू. मग मी जायचं थांबवलं आणि माझ्यामागून अजून एक जण.

आडवाट यांचं वाचल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की मला काय खुपत होतं. आठ महिने लागले याचं काही नव्हतं. अजून किती चालायचंय तेच दिसत नव्हतं. मी चांगलं खेळले की वाईट, त्यानं तसूभरही फरक पडत नव्हता. ८०० ऑर्क हा आकडा भयंकर आहे, पण तो आकडा आहे. तो समोर असता तर मी दुसरा रस्ता शोधला असता. "बघू" मधून रस्ता कसा शोधायचा?

कंदील, तुमच्या खेळाडूंना वर्षभर पाचच्या आत राहायचंय हे माहीत आहे का?


कंदील

निळी शाई, खरं सांगतो, नाही. मी त्यांना "या वेळी जरा सावकाश" एवढंच म्हटलंय. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. या आठवड्यात सगळ्यांशी नीट बोलतो.


पाटीपेन्सिल

आता थोडं लांब लिहितो. लेव्हल नसलेल्या खेळांकडे बघा. तिथे हा प्रश्न फार आधी सोडवून झालाय.

१९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये लेव्हल नाहीत. प्रत्येक कौशल्य टक्क्यांत. खेळताना अडचणीच्या वेळी एखादं कौशल्य यशस्वी वापरलं की त्यापुढे खूण करायची. नंतर त्या खुणांवर फासे टाकायचे, आणि इथे गंमत उलटी आहे: वाढायचं असेल तर तुमच्या सध्याच्या आकड्यापेक्षा जास्त यायला हवं. म्हणजे जितकं कमी येतं तितकं पटकन शिकता, आणि जितके तरबेज तितकं शिकणं कठीण. १९८१ च्या कॉल ऑफ थुलूनं हीच पद्धत घेतली.

आमच्या टेबलावर ते असं दिसतं. साहस संपलेलं असतं, सगळे दमलेले. मग कोणीतरी म्हणतं, खुणा काढा. माझ्या एका ग्रंथपाल पात्राचं "ऐकणे" ३५ होतं. दाराला कान लावून त्यानं पलीकडचा श्वास ऐकला होता, म्हणून खूण. शंभराचा फासा टाकला, ६१ आले, ३५ च्या वर. दहाचा टाकला, ३. मी खोडरबरानं ३५ पुसून ३८ लिहिलं. फक्त तीन टक्के. पण ते त्या दाराचे तीन टक्के होते, आणि कागदावर पुसलेल्याचा डाग अजून आहे. त्या माणसाकडे साहसाच्या सुरुवातीला ११ हिट पॉइंट होते आणि शेवटपर्यंत ११ च राहिले. कितीही शिकला तरी बंदुकीची गोळी गोळीच.

अजून एक, १९७७ चा ट्रॅव्हलर. तिथे पात्र बनवतानाच चार-चार वर्षांच्या नोकरीच्या मुदती भोगायच्या, त्यात पात्र मरूही शकतं. टेबलावर येतो तो चाळिशीचा अनुभवी माणूस, आणि त्यानंतर त्याची कौशल्यं जवळजवळ वाढतच नाहीत. तरी लोक तो खेळ वर्षानुवर्षं खेळले. का? कारण जहाजावर कर्ज आहे. जहाजाच्या किमतीचा २४० वा भाग दर महिन्याला, असे ४८० महिने. हप्ता भरायचा म्हणून माल घ्यायचा, माल घ्यायचा म्हणून अनोळखी ग्रहावर उतरायचं. आज आपण कुठे आहोत आणि उद्या कुठे असायला हवं ते प्रत्येक खेळाडूला पैशांत माहीत असतं. पात्र जागच्या जागी असलं तरी त्याची परिस्थिती सतत बदलत असते.


पायवाट

एक व्यवहाराची गोष्ट कोणी बोललं नाही. आमचा गट महिन्यातून एकदा जमतो. चार तास. त्यातला पहिला अर्धा तास मागचं आठवण्यात जातो. वर्षाला बारा सेशन, कोणी आजारी, कोणाची परीक्षा, म्हणजे खरी नऊ. कंदील यांचा वर्षभराचा बेत आमच्याकडे लावला तर तीन वर्षं होतील, आणि तीन वर्षं एकच गट टिकणं हे मी तरी पाहिलं नाही.

म्हणून "सावकाश" हा शब्द महिन्यांत मोजू नका, सेशन्समध्ये मोजा. २००९ च्या पाथफाइंडर या अशाच खेळानं निदान हे कबूल केलं होतं की सगळ्यांचा वेग एक नसतो. तीन वेगळे तक्ते होते, दुसऱ्या लेव्हलसाठी मंद ३०००, मध्यम २०००, जलद १३००. गटानं सुरुवातीलाच एक निवडायचा.


आडवाट

पायवाट, मान्य.

कंदील, मंत्रांकडे वेगळं बघा. पाचव्या आवृत्तीत मशालींचा खेळ चालवायचा म्हणताय, पण लाइट हा उजेडाचा मंत्र कॅन्ट्रिप आहे, म्हणजे कितीही वेळा टाका. निम्म्याहून जास्त वंशांना अंधारात दिसतं. ड्रुइडच्या गुडबेरी या मंत्रातून दहा फळं निघतात आणि एक फळ माणसाला दिवसभर पुरतं, तेही पहिल्या लेव्हलला. त्या खड्ड्याजवळ कोणाकडे लाइट असता किंवा कोणाला अंधारात दिसत असतं तर पाऊण तासाची पाच मिनिटं झाली असती. लेव्हल थांबवून हे थांबणार नाही. एकतर हे मंत्र बाजूला ठेवू असं सगळ्यांनी मिळून ठरवा, नाहीतर ज्याच्यात ते मुळातच नाहीत असा खेळ घ्या.

पाचवर थांबायचा तुमचा अंदाज मात्र बरोबर आहे. पाचव्या लेव्हलला तिसऱ्या पातळीचे मंत्र येतात. फायरबॉल आठ फासे, उडणं तिथेच, फायटरला दुसरा वार तिथेच. पाचच्या आधी आणि पाचच्या नंतर हे दोन निराळे खेळ आहेत असं मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात खेळाडूंनी यावर ई-सिक्स नावाची पद्धत काढली होती. लेव्हल सहाव्यावर कायमची थांबते, त्यापुढे दर ५००० एक्सपीला एक फीट, म्हणजे एखादी जादा खुबी. पात्र रुंद होत जातं, उंच होत नाही. दहा ऑर्क हे तुमच्यासाठी कायम दहा ऑर्कच राहतात.


वीसबाजू

मी अजूनही माझ्या बाजूला आहे, पण एक सुचवतो. तुम्हाला नाजूकपणा हवाय की सावकाशपणा? या दोन गोष्टी आपण एकात मिसळतोय. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचा फायटर १५ अधिक पूर्ण कॉन्स्टिट्यूशन एवढे हिट पॉइंट घेऊन यायचा, म्हणजे तीसच्या आसपास. तो नवशिका होता, पण एका क्रिटनं पडत नव्हता. सुरुवातीला एकदाच थोडे हिट पॉइंट वाढवून द्या, मग वर्षभर सावकाश जा. विझार्ड आठवर ठेवून वर्ष काढायचं म्हणजे कोणीतरी दर महिन्याला नवीन पात्र लिहीत बसेल. सहाव्यांदा लिहिताना त्याला आई-बाप, गाव, मित्र काही द्यावंसं वाटणार नाही.


चिमणचारा

वीसबाजू, शेवटच्या वाक्याशी असहमत. सहाव्या पात्रावर जीव जडतो तो आधीचे पाच गेले म्हणूनच.

२०१२ च्या डन्जन क्रॉल क्लासिक्समध्ये सुरुवात शून्य लेव्हलपासून. प्रत्येक खेळाडूकडे तीन-चार साधी माणसं, एकेकाला एक ते चार हिट पॉइंट. कोणाचा व्यवसाय काय तेही फाशावर, आणि धंद्याचं जे अवजार तेच हत्यार. आम्ही वीस जणांना घेऊन आत गेलो आणि सहा बाहेर आले. माझ्याकडे जो उरला तो मला सगळ्यांत नावडता होता: ताकद ६, आणि मी त्याचं नावसुद्धा धड ठेवलं नव्हतं. बाकीचे तिघं दगडी दारात चिरडले गेले आणि हा मागे होता म्हणून वाचला. बाहेर आल्यावर मी त्याचं नाव ठेवलं. दहा एक्सपीला पहिली लेव्हल मिळते आणि क्लास निवडता येतो. पहिल्या लेव्हलला पोचणं एवढं मोठं असू शकतं हे त्याआधी मला ठाऊक नव्हतं. त्या बेसिक संचात पहिल्या लेव्हलच्या फायटरची पदवी "व्हेटरन" होती ना? मला ती तेव्हा पटली.


पाटीपेन्सिल

निळी शाई यांच्या "तेच तीन मंत्र" या दुखण्यावर एक उपाय सांगायचा राहिला. २०१३ च्या थर्टीन्थ एजमध्ये एकूण लेव्हल दहाच, पण प्रत्येक सेशननंतर पुढच्या लेव्हलचा एक तुकडा आधीच घेता येतो. एकदा हिट पॉइंट, एकदा नवीन मंत्र, एकदा फीट. सगळे तुकडे झाले की लेव्हल. पाचव्या आवृत्तीला हे सहज जोडता येतं, आम्ही जोडलंय. वीसबाजूंचा तिसऱ्या लेव्हलचा उपवर्गही याच वाटेनं लवकर देता येईल.


निळी शाई

हे मला त्या वेळी मिळालं असतं तर मी अजून तिथे असते.


कंदील

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे शांत होतो कारण टोळीशी बोललो, नियम लिहिले, आणि पहिलं सेशन झालं.

ठरलं ते असं. वर्षाला साधारण २४ बैठकी. दुसरी लेव्हल तिसऱ्या बैठकीनंतर, तिसरी आठव्या, चौथी चौदाव्या, पाचवी बाविसाव्या. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलावर ठेवलंय, दर बैठकीला एक रेघ. मधल्या बैठकींत पुढच्या लेव्हलचा एक तुकडा, खेळाडूच्या पसंतीनं. उपवर्गाचं पहिलं वैशिष्ट्य दुसऱ्या लेव्हललाच. सुरुवातीला प्रत्येकाला सहा हिट पॉइंट जास्त (वीसबाजू, हे तुमच्यामुळे). लाइट आणि गुडबेरी बाजूला. ते मी ठरवलं नाही, मतदान घेतलं, पाचही हात वर गेले. एकीनं विचारलं की मग अंधारात दिसणारे वंश? त्यावरही तिनंच सुचवलं की या जगात तसे नकोतच.

एका खेळाडूला बेत पटला नव्हता. त्याला उंच लेव्हलचे मंत्र आवडतात आणि तो तसं मोकळेपणी बोलला. त्याच्यासाठी दर दोन महिन्यांनी एक वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारं साहस) अकराव्या लेव्हलचं ठेवतोय. त्यात बाकीच्यांनाही मजा येईल.

पहिलं सेशन पडक्या बुरुजात झालं. पाच मशाली घेऊन निघाले. तिसरी पेटवताना आमचा क्लेरिक म्हणाला, परतायला किती लागतील? कोणीतरी मोजलं: दोन. म्हणजे हातातली विझली की वळायलाच हवं. तळघराचं दार समोर होतं, आतून खरवडल्याचा आवाज येत होता, आणि हातातली मशाल बोटभर उरली होती. मी गप्प बसलो. ते वळले. दार न उघडता.

बाहेर आल्यावर कागदावर पहिली रेघ मारली. चोरानं तुकडा म्हणून एक कौशल्य घेतलं. आणि घरी जाताना तिघं जण जिन्यात उभे राहून पुढच्या वेळी तेल किती न्यायचं, कंदील परवडेल का, दाराला पाचर ठोकायला लोखंडी खिळे किती, याचा हिशोब करत होते. मी वरून दिवा लावून ठेवला, कारण ते संपेपर्यंत बराच वेळ लागला.


वीसबाजू

दारामागे काय होतं ते इथे लिहू नका, तुमच्या टोळीतलं कोणी वाचत असेल. आठव्या बैठकीनंतर मात्र या धाग्यावर परत या. तेव्हा लढाया कशा वाटतात ते मला ऐकायचंय.


कंदील

येतो. आठवी बैठक झाली की त्याच रात्री लिहितो.